‘ओसाड दिल्ली’ची थाप आणि लाजपत नगरातली खोली

गेल्या रविवारी पूजा आटोपून माझ्या सासूबाई ओसरीवर फोन घेऊन बसल्या. वय ८३, एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, तरी चष्म्यावर भिंग धरून ग्रुपवरचा शब्द न् शब्द वाचतात. अर्ध्या तासानं त्यांनी माझ्या मुलाला दिल्लीला फोन लावला. "बाळा, ती खोली सोड. आजच्या आज दुसरी बघ. ती सगळी फुकट बळकावलेली घरं आहेत म्हणे, सरकार परत घेणार आहे. तुझं सामान रस्त्यावर यायचं एखाद दिवशी." मुलगा दोन वर्षं लाजपत नगरात एका पंजाबी कुटुंबाच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहतो. त्याला काही उलगडेना. त्यानं मला फोन केला, "आई, आजी असं काय बोलतेय?"

आजी बोलत होती ते तिचं नव्हतंच. आमच्या ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या मराठी मंडळींचा एक ग्रुप आहे. हळदीकुंकू, श्रद्धांजली, कुणाच्या नातीचा निकाल असं सगळं त्यावर येतं. त्यावर शनिवारी रात्री ‘दिल्लीचा लपवलेला इतिहास’ नावाचा लांबलचक मेसेज आला होता, वर दोन बाण आणि ‘अनेक वेळा फॉरवर्ड केलेला’. सोमवारपर्यंत तोच मेसेज मला इंदूरच्या नणंदेकडून आणि बडोद्याच्या मावसभावाकडूनही आला. ग्रुपवर ज्यांनी टाकला त्यांना मी विचारलं, तर उत्तर मिळालं, "ताई, एवढं काय मनावर घेता? आला तो पुढं पाठवला." मी सव्वीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला आहे. मनावर घेणारच.

मेसेज वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. त्याचं म्हणणं असं: १९११ च्या आधी दिल्ली म्हणजे नुसतं जंगल होतं, इंग्रजांनी चार वर्षांत शून्यातून शहर उभं केलं. मुहम्मद तुघलकानं १३२७ मध्ये राजधानी दौलताबादला नेली तेव्हा दिल्लीत कुत्रं-मांजरही उरलं नाही आणि पुढं शाहजहानपर्यंत तीनशे वर्षं तिथं कुणी राहिलं नाही. ‘ढिली किल्ली’वरून दिल्ली नाव पडलं, ती शापित जागा आहे, कुणाचीच होत नाही. १७७१ ते १८०३ सलग बत्तीस वर्षं तिथं मराठ्यांचं राज्य होतं आणि दिल्ली नव्यानं आपणच बांधली. आणि शेवटी, ज्याच्यासाठी हे सगळं रचलंय ते: १९४७ मध्ये निर्वासित आले, त्यांनी जमिनी फुकट बळकावल्या, शहर बिघडवलं, आजची सगळी गर्दी त्यांचीच, आणि आता सरकार त्या जागा परत घेणार आहे.

पहिला आणि चौथा मुद्दा शेजारी शेजारी ठेवून वाचा. १९११ पर्यंत जंगल होतं, तर १७७१ मध्ये मराठ्यांनी बांधलं काय? ज्यानं लिहिलं त्यानं स्वतःचाच मेसेज एकदा वाचला असता तरी इथं थांबला असता.

आधी त्या जंगलाचं बघू. दिल्ली राजधानी होणार ही घोषणा पंचम जॉर्जनं दरबारात केली १२ डिसेंबर १९११ ला. त्याच वर्षी, दरबाराच्या काही महिने आधी, देशभर जनगणना झाली होती. आज ज्याला आपण दिल्ली प्रदेश म्हणतो तेवढ्या भागात तेव्हा ४ लाख १३ हजारांवर माणसं मोजली गेली, त्यातली निम्म्याहून जास्त शहरात राहणारी. चार लाख माणसांच्या जंगलात रेल्वे १८६७ पासून येत होती. आणि त्याच्याही मागं जा. १८५७ मध्ये मेरठचे शिपाई उठले ते थेट दिल्लीला गेले, ११ मे ला पोचले. का गेले? कारण तिथं लाल किल्ला होता, बादशहा होता, बाजार होता, नाव होतं. इंग्रजांना ती परत घ्यायला सप्टेंबर उजाडला. जंगलाला कुणी तीन-तीन महिने वेढा घालून बसतं का? ग्वाल्हेरच्या माणसाला हे सांगावं लागावं याचं मला जास्त वाईट वाटलं. त्याच लढ्यात राणी लक्ष्मीबाई इथं पडल्या, फूलबागेजवळची समाधी आपण मुलांना दाखवतो.

इंग्रजांनी जे बांधलं ती नवी दिल्ली. जुन्या शहराच्या दक्षिणेला. ती जागा तुलनेनं मोकळी होती, शेतं, पडकी थडगी, टेकाडावर काटेरी झुडपं, हे खरं आहे आणि मेसेजमधलं हे एवढं अर्धं वाक्य मी मान्य करते. पण मोकळी म्हणजे बिनमालकाची नव्हे. मालचा होतं, रायसिना होतं, जयसिंगपुरा होता, ही सगळी गावं होती. १८९४ चा भूसंपादनाचा कायदा लावून जमिनी घ्याव्या लागल्या. कुणाच्या नसत्या तर कुणाकडून घेतल्या? ज्याला हे जुनं वाटतं त्यानं कनॉट प्लेसहून पाच मिनिटं चालत जावं. जंतरमंतर उभं आहे. सवाई जयसिंहानं बांधलेलं, १७२४ चं. जंगलात वेधशाळा कुणी बांधत नाही.

चार वर्षांचं तर विचारूच नका. पायाचे दगड १५ डिसेंबर १९११ ला शहराच्या उत्तरेला, दरबाराच्या मैदानाजवळ बसवले. ती जागा सखल, पुराची म्हणून बाद झाली आणि सगळं रायसिनाच्या टेकडीवर हललं. मध्ये पहिलं महायुद्ध. उद्घाटन झालं फेब्रुवारी १९३१ मध्ये. एकोणीस वर्षं. तो उत्तरेचा पट्टा लक्षात ठेवा, शेवटी पुन्हा त्याच्याकडे यायचंय.

आपलंच बघा ना. दौलतराव शिंद्यांची छावणी १८१० च्या सुमाराला किल्ल्याच्या दक्षिणेला पडली, ती उठलीच नाही, तिचं शहर झालं. म्हणून तर लष्कर हे नाव. उद्या कुणी लिहिलं की १८१० च्या आधी ग्वाल्हेर म्हणजे माळरान होतं, तर चालेल? किल्ल्याच्या पायथ्याचं जुनं शहर, हजिऱ्याकडची मुहम्मद घौस यांची कबर, तिच्याशेजारी तानसेनची, हे सगळं मग कुठून आलं?

आता तुघलक. हा मुद्दा मराठी घरांत लगेच पटतो, कारण दौलताबाद आपलं. सहलीला जाऊन आलेलं प्रत्येक पोर ही गोष्ट ऐकून येतं. त्यात खोटं किती आणि खरं किती ते नीट वेगळं करायला हवं. सुलतानानं देवगिरीला राजधानी नेली, लोकांना जबरदस्तीनं हलवलं, वाटेत अतोनात हाल झाले, दिल्ली त्यामुळं विरळ झाली, हे खरं. कुत्र्या-मांजराचं वाक्य आहे झियाउद्दीन बरनीचं. त्यानं आपला इतिहास लिहिला तो तीसेक वर्षांनी, दरबारातून बाहेर पडल्यावर, म्हातारपणी आणि कडवटपणे. इब्न बतूतानंही हे किस्से लिहिलेत, पण तो दिल्लीत पोचला १३३४ मध्ये, म्हणजे सगळं घडून गेल्यावर. त्याला शहर आकाराच्या मानानं रिकामं वाटलं, तेही त्यानं लिहिलंय. पण त्याच दिल्लीत त्याच सुलतानानं त्याला काझी नेमलं आणि तो काही वर्षं त्या पदावर राहिला. कुत्रं-मांजर नसलेल्या गावात काझी कुणाची भांडणं सोडवत होता?

पण मला सगळ्यात भरवशाचा वाटतो तो एक दगड. सरबन नावाच्या गावात सापडलेला, नंतर लाल किल्ल्यातल्या संग्रहालयात आलेला संस्कृत शिलालेख. विक्रम संवत १३८४, म्हणजे इसवी १३२८. ज्या १३२७ मध्ये मेसेजवाल्यानं दिल्ली पुसून टाकली, त्याच्या पुढच्याच वर्षीचा. काय लिहिलंय त्यात? खेतल आणि पैतल अशा दोघांनी, व्यापारी घराण्यातल्या, तिथं एक विहीर खणली. विहीर! माणूस विहीर कुठं खणतो? जिथं तो स्वतः, त्याची मुलं आणि वाटेवरची माणसं पाणी प्यायला उरणार आहेत, तिथं. विहिरीला पैसे लागतात, पाथरवट लागतात, श्लोक रचायला पंडित लागतो, तो दगडावर कोरायला कारागीर लागतो. ही सगळी माणसं १३२८ मध्ये दिल्लीच्या परिसरात हजर होती. आणि ‘ही कुणाची दिल्ली’ हेही त्यांनी लिहून ठेवलं:

‘देशोऽस्ति हरियानाख्यः पृथिव्यां स्वर्गसन्निभः।
ढिल्लिकाख्या पुरी तत्र तोमरैरस्ति निर्मिता॥’

हरियाना नावाचा स्वर्गासारखा देश आहे, तिथं तोमरांनी वसवलेली ढिल्लिका नावाची नगरी आहे. त्याच लेखात पुढं येतं की तोमरांनंतर तिथं चाहमानांनी, म्हणजे चौहानांनी, राज्य केलं आणि मग शहाबुद्दीनानं, म्हणजे मुहम्मद घोरीनं, ती घेतली. त्या विहीर खणणाऱ्यांना आपल्या गावाचा इतिहास आपल्या ग्रुपपेक्षा चांगला माहीत होता.

दुसरी गोष्ट अशी की राजधानी जाणं वेगळं आणि गाव ओस पडणं वेगळं. हे आपल्याला दुसऱ्या कुणी शिकवायची गरज नाही. मध्य भारत राज्यात हिवाळ्यात राजधानी ग्वाल्हेरला असायची आणि उन्हाळ्यात इंदूरला. १ नोव्हेंबर १९५६ ला मध्य प्रदेश झाला, राजधानी भोपाळला गेली. कचेऱ्या गेल्या, कारकून बदलून गेले, माझे सासरे सांगायचे की बाड्यावरच्या, म्हणजे आमच्या मुख्य चौकातल्या, दुकानदारांनी वर्षभर तोंडं पाडली होती. पण आपण कुठं गेलो? इथंच आहोत. दौलतराव उज्जैनहून इकडं आले म्हणून उज्जैन ओस पडलं का? तसंच दिल्लीचं. काही वर्षांत तुघलकाचाच दरबार परत आला. फिरोजशाहानं १३५४ मध्ये यमुनेकाठी फिरोजाबाद वसवलं, ज्याचा कोटला आजही क्रिकेटच्या मैदानाला लागून उभा आहे. डिसेंबर १३९८ मध्ये तैमूर आला आणि त्यानं दिल्लीत भयानक कत्तल केली. रिकाम्या गावात कत्तल कुणाची करणार होता? लोदींनी दरबार आग्र्याला नेला तरी सिकंदर लोदीला १५१७ मध्ये पुरलं ते दिल्लीतच. हुमायूननं १५३३ मध्ये दीनपनाहचा पाया घातला, तोच आजचा पुराना किल्ला, आणि त्या किल्ल्याच्या आत इंदरपत नावाचं गाव विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत नांदत होतं. तीनशे वर्षांची शांतता कुठं बसवायची यात?

ग्वाल्हेरहून ताज एक्सप्रेसनं दिल्लीला गेलात की खिडकीशी बसा. शहर लागतं तेव्हा आधी तुघलकाबादची पाटी जाते, मग ओखला, मग हजरत निजामुद्दीन. निजामुद्दीन औलिया वारले १३२५ मध्ये. त्यांच्या दर्ग्याभोवतीची वस्ती आजही त्यांच्याच नावानं आहे आणि आपण तिथं गाडीतून उतरून रिक्षा शोधतो.

नावाचा मुद्दा लवकर संपवते. लोहस्तंभ शेषाच्या डोक्यात रुतलाय का हे बघायला राजानं तो उपटवला, पुन्हा नीट बसेना, किल्ली (म्हणजे खिळा, तो स्तंभच) ढिली राहिली, ही गोष्ट जुनी आहे, पृथ्वीराज रासोत आहे, मेसेजवाल्यानं ती काल रचलेली नाही. पण त्या स्तंभावर ब्राह्मी लिपीतला संस्कृत लेख आहे तो गुप्तकाळातल्या चंद्र नावाच्या राजाचा, आणि शहराचं नाव दगडांवर ‘ढिल्लिका’ असं सापडतं. मला विचाराल तर नावावरून गोष्ट जुळवलेली दिसते. आणि ‘शापित’ म्हणजे काय? ज्या गावात इतक्यांदा येऊन इतकी माणसं पुन्हा पुन्हा घरं बांधतात त्याला शापित म्हणणं म्हणजे त्या माणसांनी केलेल्या कष्टांवर बोळा फिरवणं आहे.

मराठ्यांच्या मुद्द्यावर ग्रुपमध्ये सगळ्यात जास्त हात जोडलेले आणि भगवे झेंडे पडले. हा मुद्दा अर्धा खरा आहे आणि तो खरा अर्धा मी इथं ग्वाल्हेरात बसून नाकारणार नाही. पानिपतानंतर दहाच वर्षांत, फेब्रुवारी १७७१ मध्ये, मराठ्यांनी दिल्ली घेतली. महादजींच्या पाठबळावर शाहआलम जानेवारी १७७२ मध्ये अलाहाबादहून परत येऊन तख्तावर बसला. १७८४ मध्ये महादजी वकील-ए-मुत्लक झाले, म्हणजे बादशहाच्या नावानं सगळा कारभार त्यांच्या हातात. ११ सप्टेंबर १८०३ ला पटपडगंजच्या लढाईत जनरल लेकनं शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला तोवर दिल्लीवर शिंद्यांचा वचक होता. पाठ्यपुस्तकात याला दोन ओळी मिळतात, ही तक्रार मीही स्टाफरूममध्ये कितीदा केली आहे.

पण सलग बत्तीस वर्षं? थोरले माधवराव १७७२ मध्ये गेले, फौजा दक्षिणेकडे परतल्या आणि पुढची दहा वर्षं दिल्लीत चालली ती बादशहाचा सेनापती मिर्झा नजफखान याची. १७८७ मध्ये लालसोटला महादजींना माघार घ्यावी लागली. त्याचा फायदा उठवून रोहिला सरदार गुलाम कादिर दिल्लीत शिरला आणि ऑगस्ट १७८८ मध्ये त्यानं म्हाताऱ्या बादशहाचे डोळे काढले. मराठ्यांनी दिल्ली परत घेतली, कादिरला पकडून मारलं, पण ‘सलग’ या शब्दाला तिथं खिंडार पडलंच. आणि ‘नव्यानं बांधली’? कुठली इमारत ते दाखवा. उलट १७६० मध्ये फौजेचा पगार भागेना म्हणून भाऊसाहेबांनी दिवाण-ए-खासचं चांदीचं छत काढून वितळवलं होतं. उपाशी फौज घेऊन पानिपताच्या तोंडावर उभ्या असलेल्या माणसाची ती नड होती, मी त्यांना दोष देत नाही. पण मुलांना सांगायचं तर दोन्ही सांगायचं.

आणि आता पाचवा. वरचे चार मुद्दे मी एरवी सोडूनही दिले असते, चुका प्रत्येक ग्रुपवर फिरतात. पण ते चारही पाचव्याची पायवाट आहेत. आधी गाव रिकामं होतं असं सांगायचं, मग ते अमक्यानं बांधलं असं सांगायचं, म्हणजे मागून आलेला आपोआप घुसखोर ठरतो. आणि तो ठरला की ८३ वर्षांच्या बाई आपल्या नातवाला सांगतात, त्या लोकांकडे राहू नकोस.

काय घडलं होतं ते ऐका. फाळणीनंतर पश्चिम पंजाबातून, सरहद्द प्रांतातून, सिंधमधून सुमारे पाच लाख माणसं दिल्लीत आली. त्याच काही महिन्यांत तीन लाखांवर मुसलमान दिल्ली सोडून गेले. १९४१ मध्ये दिल्ली प्रदेशाची लोकसंख्या ९ लाख १८ हजारांच्या आसपास होती, १९५१ मध्ये ती १७ लाख ४४ हजार झाली. दहा वर्षांत जवळजवळ दुप्पट. ही माणसं हौसेनं आली नव्हती. पुराना किल्ला, हुमायूनची कबर, शाळा, देवळं, मोकळी मैदानं, जिथं छप्पर मिळेल तिथं राहिली. आणि सगळ्यात मोठी छावणी पडली ती किंग्जवे कँपला, म्हणजे त्याच उत्तरेच्या पट्ट्यात जिथं पंचम जॉर्जनं दरबार भरवून राजधानीची घोषणा केली होती. छत्तीस वर्षांनी त्या बाजूला तंबू होते, चुली होत्या आणि रेशनच्या रांगा होत्या. मुलाच्या घरमालकीणबाई, ज्यांना तो बीजी म्हणतो, त्यांचे सासरे आता पाकिस्तानात असलेल्या लायलपूरहून येऊन आधी तिथंच राहिले होते.

बळकावण्याचं खरं किती तेही बोलते. सप्टेंबर १९४७ मध्ये दिल्लीत दंगली झाल्या, मुसलमानांची घरं आणि मशिदी बळजबरीनं ताब्यात घेतल्या गेल्या, हे झालं आणि ते लपवण्यासारखं नाही. गांधीजी जानेवारी १९४८ मध्ये उपोषणाला बसले, त्यांच्या अटींत मशिदी परत करायची अटही होती. पण मेसेज याबद्दल बोलतच नाही. तो बोलतोय लाजपत नगर, राजेंद्र नगर, पटेल नगर, मालवीय नगर या वसाहतींबद्दल. त्या सरकारनं आखल्या, सरकारनं बांधल्या आणि सरकारनं वाटल्या. त्या काळात केंद्रात बांधकाम खातं होतं पुण्याच्या काकासाहेब गाडगिळांकडे, म्हणजे मराठी माणसाकडे! आणि फुकट? मागं राहिलेल्या घरादाराचा ‘क्लेम’ भरायचा, तो तपासला जायचा, त्यातून मंजूर झालेल्या रकमेत घर वळतं व्हायचं, उरलेलं हप्त्यानं फेडायचं. १९५४ मध्ये त्यासाठी संसदेनं वेगळा कायदाच केला, निर्वासितांची भरपाई आणि पुनर्वसन यांचा. ज्याला ‘सरकार परत घेणार’ असं वाटतं त्यानं आधी हे सांगावं की सरकारनं स्वतः कायदा करून दिलेलं घर कोणत्या हिशेबानं परत घेणार? मेसेजमध्ये ना कुठला आदेश, ना कोर्टाचं नाव, ना तारीख. नुसती भीती.

मुलानं ती फाइल पाहिली आहे. विजेच्या मीटरचं नाव बदलायचं होतं तेव्हा बीजींनी कपाटातून काढली, खाकी पुठ्ठ्याची, बुटाची नाडी बांधलेली. आत उर्दूतले कागद, इंग्रजीतले कागद, हप्त्यांच्या पावत्या एकीवर एक टाचलेल्या. टाचण्या गंजून कागदाला तपकिरी भोकं पडलेली. लायलपूरच्या घराच्या खोल्या किती, वाडग्यात म्हशी किती हे सगळं त्यात लिहिलेलं. बीजींना उर्दू येत नाही, त्यांच्या सासऱ्यांना यायचं. त्या एकेका कागदावर बोट ठेवून सांगत होत्या, हा घराचा, हा जमिनीचा, ही शेवटची पावती. मला मुलानं हे फोनवर सांगितलं तेव्हा मी उठून आमच्या माळ्यावरचा रुमाल काढून आणला.

आमच्या घरात मोडीतल्या कागदांचा एक रुमाल आहे. लाल कापड विरून गेलंय. सासऱ्यांच्या खापरपणजोबांचा वाईहून शिंद्यांच्या फौजेबरोबर कारकून म्हणून इकडं आल्यापासूनचा पत्रव्यवहार. लष्करातल्या बहुतेक मराठी घरांची हीच कथा आहे. सातारा, पुणे, कोकण, जिथून कुठून आलो असू, तलवारीमागून आणि लेखणी घेऊन आलो. आपल्याला इथं जागा मिळाली, इनामं मिळाली, वाडे मिळाले. तेव्हा इथल्या बुंदेल्यांनी, गुजरांनी आपल्याला काय म्हटलं असेल? दोनशे वर्षं झाली, आता आपण ‘लष्करवाले’. आणि आपणच ग्रुपवर बसून पंच्याहत्तर वर्षांपूर्वी जीव वाचवून आलेल्यांना ‘बाहेरचे’ म्हणायचं? फाळणीनंतर सिंधी कुटुंबं लष्करातही आली. बाड्याजवळ ज्या दुकानातून आपण पिढ्यान् पिढ्या लग्नाचा बस्ता काढतो तिथले काका कुठून आले हे कधी विचारलंत? ते दर वेळी विचारतात, पोरगा दिल्लीला कसा आहे.

गर्दीचा हिशेब उरला. १९५१ मध्ये १७ लाख ४४ हजार, २०११ मध्ये १ कोटी ६८ लाख. मधली दीड कोटी माणसं १९४७ च्या गाडीतून उतरलेली नव्हती. उत्तर प्रदेश, बिहार, राजस्थान, हरियाणा, उत्तराखंड, बंगाल, सगळीकडून आली, मजुरीला आली, नोकरीला आली, शिकायला आली. शिवाय दिल्लीत जन्मली. त्यात ग्वाल्हेरहून गेलेली किती पोरं आहेत ते मोजा एकदा, आपल्या ग्रुपमधल्या प्रत्येक दुसऱ्या घरातलं एक निघेल. माझंही त्यातच आहे. गर्दी म्हणायचं तर ती आपणही आहोत. पाणी कमी पडतं, हवा घाण होते, नाले तुंबतात, हे सगळं खरं आहे आणि त्यावर बोलायलाच हवं. पण त्याचा जाब बीजींच्या दोन खोल्यांना विचारून काय मिळणार?

हे सगळं मी मंगळवारी रात्री सासूबाईंना वाचून दाखवलं, शिलालेखासकट. सरबनच्या विहिरीपाशी त्यांनी मला थांबवलं, श्लोक पुन्हा म्हणायला लावला आणि स्वतः दोनदा म्हटला. लायलपूरच्या म्हशींवर त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "फोन लाव त्याला."

मी लावून दिला. "बाळा, रविवारचं माझं विसर. राहा तिथंच. आणि भाडं एक तारखेला देत जा, त्या बाईंना मागायला लावू नकोस."